पिवळ्या लेट्यूसचा चोर

“काका, हा बिष्णूच काहीतरी करतोय. तुम्ही नजर ठेवा त्याच्यावर,” निखिलसाहेब म्हणाले. समोर रॅकवर लेट्यूस होतं. निम्मं पिवळं.

दोहाजवळ उम्म सलाल मोहम्मद गावाकडच्या एका शेतावर मी कामाला होतो. शेत कसलं, बंद खोली. एसी, दिवे, आणि मातीशिवाय खताच्या पाण्यावर वाढवलेला सॅलडचा पाला. वर्ल्ड कप जवळ येत होता. दोहात हॉटेलांवर हॉटेलं उघडत होती, आणि त्यातल्या एकाचे लोक दहा दिवसांनी माल बघायला येणार होते. तोवर पाला सुधारला नाही तर बिष्णूचं परतीचं तिकीट काढा, असं अरबाब, म्हणजे आमचा मालक, सांगून गेला होता.

बिष्णू नेपाळचा, माझ्याच खोलीत राहायचा. मी रजेवर गेलो तेव्हापासून टाकीचं पाणी किती आंबट, म्हणजे त्याचा पीएच, मीटरनं तपासायचं काम त्याच्याकडे होतं. निखिलसाहेब पुण्याचे, ॲग्रीचे पदवीधर, माझ्या मुलापेक्षा लहान. मी निफाडकडचा, सातवी पास. पण अर्धं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, त्यामुळे पान बघायला मला पुस्तक लागत नाही.

जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. झाड जुन्या पानातलं नत्र ओढून नव्याला देतं. लोह तसं हलत नाही. ते कमी पडलं की कोवळं पान पिवळं होतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमचं तसंच होतं.

“साहेब, हे लोहाचं आहे.”

“माहितीये. म्हणून तर डबल टाकायला सांगितलं. रजिस्टरला रोज त्याची सही आहे. मग जातं कुठं?”

मला ते पटलं. बायको जाऊन दीड महिना झाला होता. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी परत आलो होतो. तेव्हा मला सगळ्यांचाच संशय यायचा. डॉक्टरनं लपवलं, सुनेनं नीट बघितलं नाही, असं डोक्यात चालायचं. त्यात बिष्णू आयता सापडला.

तो अंघोळीला गेल्यावर मी त्याची पेटी उघडली. लोहाची पाकिटं मिळतील असं वाटलं. मिळाला एक लहान पोराच्या मापाचा फुटबॉलचा शर्ट.

दुसऱ्या दिवशी ॲसिडचा कॅन उचलून पाहिला. इथलं पाणी जड. त्यात ॲसिड टाकलं नाही तर लोह गंजासारखं तळाला बसतं, मुळांना उचलता येत नाही. एरवी कॅन आठवड्यात संपायचा. आता पंधरा दिवसांत चार बोटंसुद्धा उतरला नव्हता. मी म्हटलं, सापडला चोर.

“ॲसिड क्यूँ नहीं डालता रे?”

“मीटर छह दिखाता है, चाचा. छह ही चाहिए. फिर क्यूँ डालूँ?”

“झूठ मत बोल.”

“खुद देख लो!” त्यानं मीटर टाकीत धरला. सहा.

“तूने कुछ किया है इसको.”

तो चिडला. लिंबू पिळलेला त्याचा काळा चहा तिथंच होता, त्यात मीटर बुडवला. सहा. मग एसीच्या पाण्याच्या बादलीत. सहा. लिंबू आणि बादली एकच सांगायला लागले म्हणजे मीटर मेलेला.

साहेब आले. त्यांनी बाजूला काढून ठेवलेलं मीटरचं टोपण उचलून आत बघितलं.

“हे कोरडं कुणी केलं? टोपणात कायम द्रावण लागतं. मीटरच्या टोकाची काच वाळली की खलास!” आणि त्यांनी बिष्णूकडे बघितलं.

मला तेव्हा लख्ख आठवलं. बायको एकही भांडं ओलं ठेवायची नाही. पुसून, पालथं घालून, मगच झोपायची. परत आल्यावर मीही तसंच सुरू केलं होतं. कप, बूट, टेबल, जे दिसेल ते. मीटरच्या टोपणात खारट पाणी आणि पांढरी पुटं दिसली. घाण समजून ओतलं, धुतलं, फडक्यानं खडखडीत पुसलं.

तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर बिष्णू गेला असता.

“मी केलं,” म्हटलं.

नवा मीटर आला, ॲसिड पडायला लागलं, आठवड्यात नवी पानं हिरवी फुटली. पिवळी काही सुधारली नाहीत, ती काढून टाकली. हॉटेलवाले माल पास करून गेले. मला वॉर्निंग लेटर मिळालं. इंग्रजीत होतं, साहेबांनीच वाचून दाखवलं.

“काका, तुमचं वय आणि तुमचं दुःख बघून एवढ्यावर सोडलं.”

“मग बिष्णूचं काय बघून तिकीट काढत होता?”

साहेबांनी लेटरची घडी घालून माझ्या हातात दिली.

बिष्णूला मी पेटी उघडल्याचंही सांगितलं. तो म्हणाला, “मालूम है.” संध्याकाळी गादी उचलून शेजारच्या खोलीत गेला.

तेव्हापासून काही बिघडलं की संशयितांत पहिलं नाव मी माझं धरतो. त्यानं काम लवकर उरकतं. बिष्णू मात्र माझ्या खोलीत परत राहायला आला नाही.