वैशालीच्या सासरी तुळशीरामकाका

तुळशीरामकाकांच्या खानावळीतून अर्धपोटी उठणं कुणालाच जमलं नाही. पांढरकवड्याच्या हायवेवर थांबणारे ट्रकवाले असोत की माझ्यासारखा शेजारचा शाळामास्तर, काका वाटीत डाळ ओतायचेच. नको म्हटलं की म्हणायचे, "पोटाची लाज कायले करता? घ्या न!" असा हा माणूस फ्रान्समधल्या एका समुद्रकाठच्या गावात भरल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि शेजारी माझा जीव टांगणीला लागला होता.

काकांची एकुलती एक मुलगी वैशाली तिकडे नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. काकू आधीच वारल्या होत्या. काकांनी राग धरला नाही, पण लग्नाला जाणं काही जमलं नाही. वर्षभराने व्याह्यांना भेटायला निघाले तेव्हा मला इंग्रजी येतं म्हणून सोबत घेतलं. तिथे माझ्या इंग्रजीला कुणी विचारलं नाही, तो भाग वेगळा.

व्याह्यांचं बंदराजवळ सहा टेबलांचं छोटंसं रेस्टॉरंट होतं. व्याही रांधायचे, विहीणबाई वाढायच्या. आमच्यासाठी त्यांनी त्या दुपारी दुसरं गिऱ्हाईकच घेतलं नव्हतं. माशाचं वाफाळतं कालवण समोर आलं, आणि काका माझ्या कानाशी लागले. "मास्तर, नातू होईस्तोवर पोरीच्या घरचं पाणी भी चालत नाही आपल्यात."

मला घाम फुटला. हे विमानात का नाही सांगितलं या माणसाने? वैशाली हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दोन घास तरी घ्या न. त्याइले वाटन, तुमाले हे लग्नच मंजूर नाही." काका म्हणाले, "बाई, माह्या बापानं हे पाळलं. मी कसा मोडू?" कालवण निवत चाललं. विहीणबाईंचं हसू मावळलं. जावई खाली मान घालून पाव कुस्करत होता. आता सगळं फिसकटणार, अशी मला भीती वाटायला लागली.

तेवढ्यात व्याही स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले. त्यांची नजर आमच्यावर नव्हती, काकांच्या न शिवलेल्या ताटावर होती.

"पाह्यलं का मास्तर?" काका पुटपुटले. "ताट तसंच परत आलं की माहं भी तोंड असंच होते."

आणि ते खुर्ची सरकवून उठले. बाबा निघाले असं वाटून वैशालीही उभी राहिली, अगदी रडवेली. काका मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरले, बाह्या सारल्या आणि टोपलीतले कांदे चिरायला लागले. व्याही गोंधळले. मग तो चालता हात बघून त्यांनी मुकाट्याने आपला धारदार सुरा काकांच्या पुढे केला.

टोपली संपवून, हात धुऊन काका टेबलाशी आले. "आता हे कामाचं जेवण झालं, पाहुणचार नाही. सांग त्याइले." वैशालीने डोळे पुसत सांगितलं. काकांनी कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

परतल्यावर, पोरीच्या घरी जेवलात का, असं नातेवाइकांनी खोदून खोदून विचारलं. काकांनी कांद्यांची हकिगत ऐकवली आणि सगळ्यांचं समाधान झालं.

गेल्या वर्षी काका यवतमाळच्या दवाखान्यात अखेरच्या दुखण्यात होते. वैशाली वाटेत होती. पोचेल की नाही या धास्तीने मी सारखा फोन बघत होतो. काकांनी माझा हात धरला.

"मास्तर, पोर आल्यावर तिले सांगा. कांदे-बिंदे सारा बहाणा होता. मी तिच्या घरीच जेवलो."