नकाशावरचं माहेर

नवं राज्य झालं आणि आमचं तापीकाठचं गाव हिंदी मुलखात राहिलं, त्या वर्षीची गोष्ट. तापीच्या पुरात राजघाटाकडची बरीच घरं पडली होती. त्या लोकांना पांघरुणं द्यायची म्हणून आमच्या आळीतल्या बायकांनी चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी सोळा वर्षांची, हातात ब्रश आल्यापासून स्वतःला फार शहाणी समजणारी. म्हटलं, मोर आणि कमळं सगळ्याच काढतील, आपण काहीतरी निराळं करू.

वडील शाळेत भूगोल शिकवत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांचा एक जुना नकाशा, मागून कापड लावलेला, मधल्या खोलीत टांगलेला असे. त्यात संस्थानं पिवळी होती. पण संस्थानं केव्हाच विलीन झाली आणि आता प्रांतही बदलले. नकाशा मागितला तर दादा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घे. पुराना झाला तो. शिकवायच्या कामाचा नाही."

मी त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले. नद्या आणि गावांची नावं दिसू देत वर चित्रं काढली. केळीचा घड, कपाशीचं बोंड, घाटाच्या पायऱ्या. एका पिवळ्या तुकड्यावर तांबडा डाग होता. कोणाचा तरी रंग सांडला असेल, असं वाटलं. पुसून निघेना, म्हणून त्याचंच पळसाचं फूल केलं. सगळ्यांत चांगलं चित्र तेच झालं. लाज वाटते, तरी हे आजही म्हणेन.

आई तेव्हा आत्याच्या बाळंतपणासाठी धूलकोटला गेली होती. प्रदर्शनाच्या दिवशी परतली ती थेट तिथंच आली. कौतुकानं एकेक चित्र बघत पळसापाशी थांबली आणि फुलावरून बोट फिरवलं.

"हे कशावर काढलं वं?"

"मधल्या खोलीतल्या नकाशावर. दादांनीच दिला."

ती तिथंच सतरंजीवर बसली. मग हळूहळू सांगितलं. तिचं गाव त्या पिवळ्या संस्थानातलं. प्लेगात तिच्या माहेरचं सगळं घर गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळीतल्या सुना माहेरी जायच्या, हिला जायला जागा नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला दादांनी तिचं बोट धरून नकाशावर टेकवलं होतं. हे तुझं गाव, ही तुझी नदी. तिला अक्षरओळख नव्हती. दर आखाजीला आम्ही पोरी झोक्यावर गेलो की ती त्या जागी कुंकू लावायची.

अग बाई! मी चटकन उठले. पण ते चित्र एका बदली झालेल्या साहेबांच्या बायकोनं आधीच विकत घेतलेलं, बांधायचंच राहिलं होतं. मी तिच्याकडे निघाले तशी आईनं माझं मनगट धरलं.

"पुरात घर गेलेल्यांच्या नावानं दिलंय ते. परत मागायचं नाही."

रडलीसुद्धा नाही. दादा विसरले याचं तिला जास्त लागलं होतं. मला दादांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. डाग कसला आहे, एवढं घरात विचारायला काय झालं होतं मला?

पुढच्या आखाजीपर्यंत मी शाळेतून नवा नकाशा मागून आणला. सगळी नावं हिंदीत आणि सगळा मुलूख एकाच रंगाचा. तिचं गाव त्यात नव्हतंच, एवढंसं होतं ते. दादांनी भिंग लावून पाहिलं, मग चपला घालून बाहेर गेले.

आखाजीच्या सकाळी आई न्हाऊन आली आणि माझ्यासमोर बोट धरलं. "दाखव."

मी अंदाजानं तिचं बोट एका जागी टेकवलं.

"नदी कुठंय?"

"ही निळी रेघ."

तिनं त्या रेघेवरून सावकाश बोट नेलं, परत आणलं. "माझ्या गावाशी नदी वळते. ही तर सरळ चालली."

मी दुसरी निळी रेघ शोधू लागले.

"सापडत नसेल तर नाही म्हण, माय. खोटं माहेर देऊ नको मला."

"नाही सापडत," मी म्हणाले.

तिनं बोट उचललं.