उलटी फेरी

शंकूताईने सख्ख्या भावावर डूख धरला होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. तरुणपणी दादाने तिला गाडी शिकवली ती भर गल्लीत, तोंडाचा पट्टा सोडून. चूक झाली की गिअरवरच्या हातावर फटका. “तुला गाडी काय, हातगाडीसुद्धा जमायची नाही,” म्हणत एक दिवस त्याने किल्ली काढून घेतली. लोक फिदीफिदी हसले. ते हसू तिच्या जिव्हारी लागलं. पुढे ती गाडी शिकली, पण परक्याकडून.

मग तिने दुकान काढलं. गाडीला लावायच्या शिकाऊ पाट्या, सरावाचे नारिंगी शंकू, शेजारी बसणाऱ्या आईबापांसाठी काचेला चिकटवायचा जादा आरसा. शंकूताई हे नावही त्यातूनच पडलं. सामान देण्याआधी तिची एक अट असे, उलटी फेरी. मागच्या पटांगणात शंकूंमधून गाडी आईबापांनी चालवायची आणि शेजारी बसून शिकवायचं पोरांनी. भलेभले एका फेरीत वरमायचे.

एक दिवस दादाच लेकीला घेऊन दारात उभा राहिला.

“दोनदा नापास झालीय. परवा पुन्हा परीक्षा आहे आणि मी शेजारी बसलो की ही हातपाय गाळते. तुझं ते सामान दे बाई.”

शंकूताईला उकळ्या फुटल्या. तिने शंकू नेहमीपेक्षा जवळजवळ मांडले आणि भाचीला बाजूला घेतलं.

“हा मला काय काय बोलायचा ते सांगते. तस्संच म्हण. आज जिरवूच याची.”

“सांगू नकोस, आत्या,” पोरगी खाली बघत म्हणाली. “मला पाठ आहे.”

इतकी वर्षं शंकूताई आपल्या एकटीचंच उट्टं काढायला टपून बसली होती.

गाडी सुरू झाली. बापाला कधी अरेतुरे न केलेली पोरगी ओरडली, “डोळे फुटलेत का तुझे? क्लच! क्लच म्हटलं ना, बहिऱ्या!” दादाला दरदरून घाम फुटला. त्याने चुकीचा गिअर टाकला, तशी चटकन त्याच्या हातावर चापट बसली. हे तर आत्याने सांगायचं ठरवलंही नव्हतं. शंकू आडवा झाला, गाडी बंद पडली. कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं.

दादा मान खाली घालून उतरायला लागला. शंकूताईने दार बाहेरून दाबून धरलं. मग आडवा पडलेला शंकू उचलून वीतभर आणखी आत ठेवला.

“पुन्हा,” ती म्हणाली.