रंगूनवालीचं आवतन

वऱ्हाडातल्या सुलतानपुरात किसनरावाचं कापडाचं दुकान. मी गावचा मास्तर; शाळा सुटली की तिथल्या ओट्यावर बसत असे. किस्से जमवावे लागत नाहीत. बसायला ओटा असला की ते आपोआप साचतात.

एकदा एका शेतकऱ्यानं धोतर पाहिलं. "विलायती हाय काय?"

"जपानी हाय," किसनराव म्हणाला.

"एकच ना ते?"

मी सांगितलं, "जपान उगवतीला, विलायत मावळतीला."

तो विचारात पडला. "म्हंजे मधात आपण बसून राह्यलो, अन् कापड दोहीकून घेऊन राह्यलो."

*

हिंग विकणाऱ्या पठाणाला सगळे काबुली म्हणत. मी म्हटलं, आधी गाव तर विचारा. त्यानं सांगितलेलं नाव कुणालाच उच्चारता येईना. किसनराव म्हणाला, "राहू द्या गुरुजी, काबुलीच बरं."

पठाण हसला. "हमारे गाँव में सब हमको हिंदुस्तानी बोलते हैं."

*

दुसऱ्या महायुद्धात जपानी रंगूनमध्ये शिरले, तेव्हा गावचा रामभाऊ तिथून चालत परतला. सोबत तिकडचीच बायको. तिला काय म्हणावं, यावर ओट्यावर वाद लागला. किसनराव म्हणे ब्रह्मीण, मी म्हणे ब्रह्मदेशीय. आठ दिवस चालला.

तिकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आवतन देणारी सरूबाई दारोदार हाक मारायची. रामभाऊच्या दारावरून मात्र मुकाट पुढं जायची. काय म्हणून हाक मारावी, तेच तिला कळेना. ती बाई रोज कुंकू लावून दारात उभी राहायची आणि सरूबाई गेली की आत जायची.

माझी बायको तेव्हा हयात होती. तिनं विचारलं, "तिचं माहेर कोणतं?"

"रंगून."

"मंग रंगूनवाली. मी बीबी गावची म्हणून बीबीवाली, शेजारीण दुसरबीडची म्हणून दुसरबीडवाली, तशी ते. एवढ्यासाठी आठ दिवस लागले तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सरूबाईनं त्या दारात हाक दिली, "ओ रंगूनवाली, हळदीकुंकवाले या वं!" ती चप्पल न घालताच निघाली.

*

चार वर्षांनी रामभाऊच्या पुतण्याचं लग्न झालं. मुलगी जालन्याकडची, पंधरा-वीस कोसांवरची. पण तो मुलूख निजामाचा, आमचा इंग्रजांचा. वरात दारात आली. भाकरतुकडा ओवाळायला रंगूनवाली पुढं झाली. तिनं नवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच सरूबाईला म्हणाली,

"लय दूर देशची पोरगी केली वं बाई. आपली बोली समजंन का इले?"