अप्पांच्या टाकीतला नवा जिल्हा

बातमी संगीता वहिनींनी फोनवर दिली. "वन्सं, अप्पा गेले हो..." एवढं बोलून त्या रडल्या आणि मग नाक ओढत म्हणाल्या, "टाकीचा पंप चालूच ठेवू न्हवं?" नांदेडच्या घरात मी फोन कानाला धरून उभी होते. माझे सख्खे काका गेले होते, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की शेवटपर्यंत टाकीजवळ त्यांच्यासोबत वहिनी होत्या, मी नव्हते.

अप्पांचं उदगीरला हार्डवेअरचं दुकान. समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावात त्यांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. हैदराबादहून आणलेले खडक, थोडं प्रवाळ, दोन नारिंगी मासे. सकाळची लिंगपूजा आटोपली की ते टाकीसमोर खुर्ची ओढत. दुष्काळात नळ आटले, टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या, तेव्हा शेजारचे म्हणायचे, "लोकाला प्यायला न्हाई आन् अप्पानं घरात समुंदर पाळलाय!" अप्पा म्हणत, "ये की, पिऊन बघ. न्हाई कोण म्हणतंय?" टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडून जाई आणि मीठ मागं राही, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागे. ते अप्पा स्वतःच्या प्यायच्या जारमधून काढत.

त्याच उन्हाळ्यात खडकावर कसलीतरी इवली, तपकिरी फुलं दिसू लागली. अप्पांनी मला फोटो पाठवले. घराण्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेली मी एकटी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण त्या फोटोंवर मी अप्पांशी कितीही बोलू शकत होते. मी वाचायची आणि उलट विचारायची. देठ काचेसारखा आरपार दिसतो का? धक्का लागला की सगळं आत ओढून घेतं का? खात्री झाली तेव्हा कळवलं, की हे फूल नाही, प्राणी आहे. नाव एप्टेशिया. प्रवाळाला डंख मारतो. खरवडू मात्र नका, कारण तुटलेल्या कणातूनही नवा उगवतो. मग पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून, सुईनं एकेकाच्या तोंडावर सोडून आम्ही ते आटोक्यात ठेवले. "मॅडम, तू हायस म्हणून," अप्पा म्हणाले. ते वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं, महेशदादाचं लग्न झालं आणि मुखेडहून संगीता वहिनी आल्या. एका रविवारी मी उदगीरला गेले तर त्या कोपरापर्यंत हात टाकीत घालून, चाकूनं खडक खरवडत होत्या. "गाजरगवत काढायलेय, वन्सं! लई माजलंय." शेतातल्या लेकीला दुसरं काय सुचणार... मी घाबरून ओरडले, तोवर तुकडे पाण्यात विखुरले होते. महिनाभरात खडकच दिसेनासा झाला.

अप्पा आता चिडतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी सगळ्या घराला हाक मारली. "बघा रे! उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मोर्चे काढायलोय, आन् संगीनं एका चाकूत एकाचे चाळीस जिल्हे केले!" वहिनी पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मग मुख्यालय कुठं करायचं सांगा, अप्पा. तुमच्या खुर्चीखाली?" सगळं घर हसलं. त्या दिवसापासून त्या जिवाचं नाव 'नवा जिल्हा' पडलं. दुकानात गिऱ्हाइकं खिळे घेता घेता विचारू लागली, "अप्पा, आज किती जिल्हे?" मी शोधलेलं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. ओळखलं मी होतं, चुकल्या त्या होत्या, आणि बारसं त्यांच्या चुकीचं झालं. परतीच्या एसटीत मी तो विनोद स्वतःच्या तोंडी घालून पाहिला. बसला नाही.

पुढं फोटो यायचे तेही वहिनींच्या फोनवरून. "अप्पा विचारायलेत, हा कोणता जिल्हा?" मी उत्तर लिहायची. ते त्यांच्या तोंडून अप्पांना कळायचं. उलट येणाऱ्या व्हॉइस मेसेजमध्ये त्या दोघांचं हसणं तेवढं ऐकू यायचं...

अप्पांचे दिवस झाल्यावर मी बैठकीत एकटीच बसले होते. वहिनी चहा घेऊन आल्या. "टाकी तुम्ही न्या, वन्सं. तुमालाच कळतं त्यातलं." इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट त्यांनी चहाच्या कपासोबत पुढं केली. ज्याला भरपूर मिळालंय तोच असं सहज देऊ शकतो, हे मला त्या क्षणी फार लागलं. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात काचेवर, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला, भस्माचा पुसट पट्टा दिसला. अप्पा रोज वाकून बघताना तिथं टेकत असणार. टाकी हलवायची म्हणजे काच पुसली जाणार.

"इथंच राहू द्या," मी म्हणाले. "मी येत जाईन."

वहिनींनी माझ्या नजरेच्या रोखानं पाहिलं. "बाकी सगळी काच पुसते मी. तेवढं सोडून," त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे तो पट्टाही आधी त्यांनाच दिसला होता.