नाटकात नसलेलं कपाट

"वांधो नाही, बाई. वाक्य कुठं जात नाही."

असं म्हणताना सर पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे. शिसपेन्सिलीला थुंकी लागत नाही, हे मी त्यांना पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. ते मान डोलवायचे आणि पुन्हा लावायचे. विंगेत बुटकं स्टूल, मांडीवर नाटकाची वही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नट अडखळला तरी सर लगेच शब्द टाकत नसत. दोन श्वास वाट बघत. "लगेच सांगितलं की नट आळशी होतो," म्हणत.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रेक्षक टाळ्या वाजवत असतात तेव्हा हा वहीला दोरी बांधत असतो. बडोद्याच्या आमच्या हौशी मराठी नाटकांना सरांनी पंचेचाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. त्याआधी ते नट होते. चांगले, देखणे, मुख्य भूमिका करणारे. ते विंगेत का गेले, हे गावात एका व्यक्तीला नक्की ठाऊक होतं. तीच हे लिहिते आहे.

तर आधी त्या वेळची मी बघा. चोवीस वर्षांची, रावपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत नवीन लागलेली बाई. अक्षर मोत्यासारखं आणि डोकं भोपळ्यासारखं. बडोद्यात आपल्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही, अशी माझी खात्री होती. अक्षर बघून मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममधल्या परीक्षेच्या पेपरांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली होती. अक्षराचा आणि कपाटाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

त्या दुपारी कुणीतरी बातमी आणली की मांडवीच्या एका दुकानात बांधणीच्या साड्यांचा सेल आहे आणि आज शेवटचा दिवस. झालं. शाळा सुटली तशी मी सुटले. निघताना सर, तेव्हा ते आमच्याच शाळेत शिकवायचे, स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसताना दिसले. "येते सर," म्हणाले आणि पळाले. साडी घेतली. पोपटी. ती नेसून मी कैरीच्या फोडीसारखी दिसायचे. घरी आल्यावर पर्स उघडली, तर किल्ली नाही. कपाटालाच लटकत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत पोचले. कपाट बंद, किल्ली जागेवर. पर्समध्ये टाकली, देवाचे आभार मानले. अकरा वाजता कळलं, गणिताचा पेपर फुटलाय. सर गणिताचे.

"काल शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये कोण होतं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"सर बसले होते," मी म्हणाले. अगदी खरं.

"किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

मी 'हो' अशी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असा त्या काळी माझा एक शोध होता.

ते जुनं लाकडी कपाट जोरात हिसडलं की उघडतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे सरांना किल्लीची गरज नव्हती, असं ठरलं. सरांना विचारलं, इतका वेळ एकटे काय करत होता? ते म्हणाले, "बसलो होतो." पुढे एक अक्षर नाही. पेपर कुणी घेतला ते आजतागायत कळलं नाही. शाबीतही काही झालं नाही. पण आपल्या मराठी घरांमध्ये शाबीत व्हायची वाट कोण बघतं? लोकांनी त्यांच्या शिकवणीतून मुलं काढली. त्यांनी राजीनामा दिला, डभोईच्या एका लहानशा शाळेत नोकरी धरली आणि रोज बसने जायला यायला लागले. पुढच्या नाटकात सगळ्यांनी विचारलं, भूमिका कुठली घेणार? ते म्हणाले, "मी विंगेत बसतो. तिथं बरं."

आणि मी? मी त्या सगळ्या नाटकांत कामं केली. माझी वाक्यं त्यांनी मला सांगितली, मी ती घेतली, टाळ्याही घेतल्या. आता सांगते, उद्या सांगते, हा प्रयोग होऊ दे मग सांगते. तेव्हापासून मला एक खोड जडली. कुलपं ओढून बघायची. घरातून निघताना तीनदा, जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. सून म्हणते, "आई, फ्रीजला कुलूप लावायचं राहिलं बरं का!" हसते मीही. पण पाय जागेवर ठरत नाहीत ते नाहीतच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने, ईशाने, एक सिनेमा पाहिला. खोटा आळ आलेल्या एका शिक्षकाची गोष्ट. तिच्या डोक्यात आलं की याचं नाटक करून स्पर्धेत उतरवायचं. कॉलेजची पोरं जमवली. एक म्हातारी हवी होती, ती घरातच फुकट मिळाली. प्रॉम्प्टर म्हणून सरांना बोलावलं. सर अठ्ठ्याहत्तरचे. "हा शेवटचा," ते म्हणाले. "मग पुण्याला भाच्याकडे जायचंय. कायमचं."

मला दिलेली भूमिका ऐका. शिक्षकाच्या शेजारची म्हातारी. खरं काय घडलं ते तिने खिडकीतून पाहिलंय आणि ती गप्प राहिलीय. मी ईशाला म्हटलं, मी हिच्यापेक्षा भूत होते, चेटकीण होते. तिने ऐकलं नाही.

सिनेमात त्या म्हातारीला वाक्यच नाही. शेवटी कॅमेरा तिच्या डोळ्यांवर जातो आणि आपल्याला सगळं कळतं. ईशा वैतागली. "दहाव्या रांगेतून आजीचे डोळे दिसणार कसे? आजीला तर स्वतःलाच काही दिसत नाही."

सर विंगेतून म्हणाले, "सिनेमात गप्प बसून चालतं. नाटकात बोलावं लागतं."

मग ईशाने वाक्य लिहिलं. 'मी पाहिलं होतं. मी बोलले नाही.' इतकंच. माझं पाठांतर म्हणजे गावात नाव. दुसऱ्यांची वाक्यं मला पाठ, त्यांच्या चुकाही पाठ. पण हे सहा शब्द आले की माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं व्हायचं. प्रत्येक तालमीला. पोरं हसायची. सर दोन श्वास थांबायचे आणि मग हळूच म्हणायचे, "मी पाहिलं होतं." मी त्यांच्यामागून म्हणायची. नंतर चहाच्या वेळी मी येरझारा घालायची, ते पेन्सिल जिभेला लावायचे. "वांधो नाही, बाई. वाक्य कुठं जात नाही." आणि मला वाटायचं, वाक्य नाही हो जात, तुम्ही जाताय.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरलेला. सगळं सुरळीत चाललं. शेवटचा प्रवेश आला. शिक्षक झालेला मुलगा खाली मान घालून बसलेला, भोवती गावकरी, आणि मी काठी टेकत मध्यभागी. सगळे माझ्याकडे बघतायत. पाटी कोरी.

मी विंगेकडे पाहिलं. एक श्वास. दोन श्वास. तीन.

सरांनी वही मिटली. चष्मा काढला. दोन्ही हात वहीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी प्रयोग चालू असताना वही मिटलेली मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, मेले आता. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, चांगले खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत:

"कपाटाला किल्ली मी विसरले होते!"

आता, आमच्या नाटकात कपाट नव्हतं. किल्ली नव्हती. एक खिडकी होती, तीही पुठ्ठ्याची. शिक्षकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गावकऱ्यांपैकी एकाने, बिचारा, इकडेतिकडे कपाट शोधलं. पलीकडच्या विंगेतून ईशाचा दबका आवाज आला, "अरे आजी, शुं करे छे!"

मी थांबायला तयार नव्हते. "मी साडी घ्यायला गेले होते. आणि विचारलं तेव्हा मान हलवली."

मग सरांनी सावकाश चष्मा लावला, वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात शब्द टाकला. "मी पाहिलं होतं."

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. "मी बोलले नाही." आणि पडदा.

परीक्षकांनी भाषणात त्या कपाटाचं फार कौतुक केलं. समाजाच्या बंद मनाचं प्रतीक, असं काहीतरी. ईशाला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, त्यामुळे मी वाचले.

सर मेकअपच्या खोलीत चहा पीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. पाय पुन्हा नाचायला लागले.

"सर, ती किल्ली..."

"मी बघितली होती, बाई. तुम्ही गेल्यावर लगेच. कपाटाला लटकत होती."

"मग काढून का नाही नेलीत?"

"तुम्ही परत येऊन शोधत बसला असता. घाबरट होता तुम्ही तेव्हा." त्यांनी कप खाली ठेवला. "आठवण झाली की याल, म्हणून बसलो होतो. मग तालमीची वेळ झाली, उठलो. उठायला नको होतं."

"आणि विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"नवीन होता तुम्ही. वाटलं, आज ना उद्या स्वतःच सांगाल."

मी रडले वगैरे नाही. खोटं कशाला बोलू, रडले. ते वहीला दोरी बांधत राहिले.

सर पुण्याला गेले ते गेलेच. गेल्या थंडीत भाच्याचा फोन आला. नंतर एक पार्सल आलं, त्यात ती वही. सरांनी माझं नाव घालून ठेवली होती म्हणे. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. जिथं कुणी अडखळायचा तिथं गोल, जिथं थांबायचं तिथं उभी रेघ. शेवटच्या प्रवेशाचं पान मी सगळ्यात शेवटी उघडलं. त्याआधी दाराचं कुलूप दोनदा ओढून आले.

माझ्या वाक्यासमोर गोल नव्हता. रेघही नव्हती. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'प्रयोगात इथे सांगणे नाही. बसून राहणे. बाई येतील.'