चावडीसमोरचा ट्रक

ट्रक चावडीसमोर उभा होता आणि त्यात चढायला कोणी तयार नव्हतं. मी तेव्हा जळगाव जामोदकडे नवा नायब तहसीलदार. गाव सातपुड्याच्या पायथ्याचं. मध्यप्रदेशातून डोंगर उतरून आलेल्या कोरकू कुटुंबांनी गायरानावर, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर, झोपड्या घातल्या होत्या. गावाचा अर्ज होता : परके लोक हटवा.

तहसीलदारसाहेब म्हणाले होते, "इलेक्शन तोंडावर आहे. गुपचूप उचला आणि हद्दीपलीकडे सोडून या."

गावात उलटीच अफवा. सरपंच पाटील मला तोंडावर म्हणाले, "सरकारनंच मतासाठी हे लोक आणून बसवले, आता देखावा करून राह्यले." मला राग आला. पण गुपचूप उचलले असते तर लोकांना अफवा खरीच वाटली असती. म्हणून मी दवंडी पिटवून सगळ्यांसमोर चौकशी लावली.

सोमा नावाचा कोरकू बायको-मुलीसह पुढे उभा होता. "कुठं जाऊ, साहेब? वरतं खायाले काई नाई."

त्याच्या पायात झिजलेल्या वहाणा होत्या. बऱ्याच कोरकूंच्या पायात होत्या. सालदाराला, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला, पाडव्याला वहाणा देतो तो धनी. मी वऱ्हाडातलाच; या 'परक्यां'चे धनी याच गावात आहेत हे ओळखलं आणि मला हसू आवरेना. बाहेर कापूस फुटला होता आणि वेचणी तोंडावर आली होती.

मी म्हणालो, "ज्याला धनी नाही, त्यानं ट्रकात बसावं. धनी असेल, तर त्यानं आपला माणूस आपल्या शेतात राहायला न्यावा."

कोणी हललं नाही. हवालदारानं सोमाचं गाठोडं उचललं, तसे सरपंच उठले.

"त्याले काऊन नेता? सोमा माह्या घरचा सालदार हाय."

"अर्जावर पहिली सही तुमचीच आहे, पाटील."

"तो अर्ज बाकीच्यायसाठी होता."

चावडी खो खो हसली. मग एकेक सहीवाला खाली मान घालून उठला आणि आपापला गडी बायकापोरांसकट घेऊन गेला.

शेवटी एक म्हातारी उरली. सोमाच्या बायकोनं तिचा हात धरला. "हे आमची माय."

नव्हती, हे दिसतच होतं. मी 'माय' असं लिहून घेतलं.

ट्रक रिकामा परतला. गायरान मोकळं झालं आणि गावाबाहेर कोणीच गेलं नाही. मी मोठ्या ऐटीत कचेरीत शिरलो.

"एकही परका सापडला नाही?" साहेबांनी विचारलं.

"शोधले, साहेब. प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचाच निघाला."

पुढं त्या गावात कुठलीही तक्रार आली की सरपंच स्वतःच म्हणत, "चावडीवर घ्या, साहेब." सरकारवर भरवसा बसवायचा तर काम उघड्यावर करावं. झाकायला गावाकडेही काही ना काही असतंच.